हार्पचे पान आणि आपल्या वह्या

पळसदरी स्टेशनाशी रेल्वेचा मार्ग दुभंगतो. एक फाटा खोपोलीला जातो आणि दुसरा ठाकूरवाडी, मंकी हिलचे बोगदे ओलांडत घाट चढून लोणावळ्याला पोचतो. घाटातली ही वाट 1863 साली गाड्यांसाठी खुली झाली, पण हा डोंगर चढण्या-उतरण्याची रीत त्याहून फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातली बंदरे आणि घाटमाथा यांच्यामधली व्यापारी वाट इथूनच जात होती आणि त्या वाटेच्या दोन्ही अंगांना बौद्ध लेणी कोरली गेली. खाली कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याच्या झाडीत, कोंडाण्याची लेणी आहेत. वर मळवलीजवळ भाजे. कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर नाचणाऱ्या जोड्या कोरलेल्या आहेत, आणि तिथल्याच एका भग्न मूर्तीजवळच्या एका ओळीच्या लेखात हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केल्याची नोंद आहे. भाज्याच्या विहाराच्या ओसरीत हत्तीवर आरूढ झालेल्या पुरुषाचे प्रसिद्ध शिल्प आहे. त्याच्या खालच्या अंगाला एक राजपुरुष आसनावर बसला आहे, त्याच्यासमोर एक स्त्री नाचते आहे आणि जवळच कुणीतरी तंतुवाद्य छेडते आहे. ते वाद्य म्हणजे आज आपण जिला वीणा म्हणतो ती नव्हे. धनुष्यासारखी वाकलेली दांडी, खाली नादपेटी आणि दोहोंमध्ये मोकळ्या ताणलेल्या तारा असे त्याचे रूप आहे. वाद्यांच्या शास्त्रीय वर्गीकरणात ही हार्प होय.

प्राचीन भारतात वीणा या नावाने मुख्यतः हेच वाद्य ओळखले जात होते. नाट्यशास्त्रात सात तारांची चित्रा आणि नऊ तारांची विपंची सांगितली आहे. भारहूत, सांची, अमरावती इथल्या शिल्पांत कमानी वीणा दिसते. चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर स्वतः सम्राट ती मांडीवर घेऊन बसला आहे. त्यानंतर मात्र ती शिल्पांतून हळूहळू दिसेनाशी होते आणि दांडीच्या, पुढे पडद्यांच्या वीणा तिची जागा घेतात. मंडला भागातल्या परधान गायकांचा बीनबाजा हा तिचा आपल्याकडे उरलेला अगदी थोडका वंश. आपल्या गायकांच्या मांडीवरचे स्वरमंडल दिसायला जवळचे वाटले तरी त्याचे कूळ वेगळे आहे, कारण त्याच्या तारा पेटीला समांतर जातात. म्हणजे हार्प या वाद्याशी आपला संबंध पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मार्फत जडलेला नाही. तो पळसदरीहून डोंगर चढून जाण्याइतका जवळचा आहे. तरीही भाज्याची ती स्त्री कशावर नाचत होती, त्यातला एक सूर आपल्याला सांगता येत नाही. वाद्याचा आकार ठाऊक आहे, ते कसे धरत हे ठाऊक आहे. संगीत गेले.

आता याच्या नेमके उलट उदाहरण पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये हार्पच्या दोन घराण्यांत चुरस लागली होती. एरार कंपनीची हार्प पायांतल्या सात पेडलांवर चालणारी होती. तिची दुहेरी क्रियेची यंत्रणा सेबास्तियाँ एरारने 1810 साली सिद्ध केली होती. प्लेयेल कंपनीने पेडल अजिबात नसलेली, तारांच्या दोन ओळी एकमेकींत गुंफलेली क्रोमॅटिक हार्प बाजारात आणली. तिच्यात सप्तकातल्या बाराही सुरांना स्वतंत्र तार. या नव्या वाद्यासाठी प्लेयेलने क्लोद देबुसीकडून रचना मागवली आणि 1904 साली त्याने हार्प आणि तंतुवाद्यांसाठी पवित्र नृत्य व लौकिक नृत्य अशी जोडरचना लिहून दिली. एरारने त्याला उत्तर म्हणून मॉरिस राव्हेलकडून पेडल हार्पसाठी रचना घेतली. ती 1905 ची. पुढे क्रोमॅटिक हार्प मागे पडली. आज ती संग्रहालयांत आणि मोजक्या हौशी वादकांकडे आहे. देबुसीची नृत्ये मात्र जगभर वाजतात, कारण ती कागदावर होती. पेडल हार्पच्या वादकांनी तो कागद उचलला, आपल्या वाद्यावर कसा बसेल ते पाहिले आणि तो आपलासा केला. ज्या वाद्यासाठी ती लिहिली ते वाद्य गेले, संगीत राहिले. नरिमन पॉइंटला 2006 साली उभा राहिलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ही रचना उद्या वाजवू म्हणाला तर त्याला हवी ती पाने मिळतील.

या दोन उदाहरणांतून मला एवढेच म्हणायचे आहे, की संगीताचे आयुष्य वाद्याच्या लाकडावर किंवा कलावंताच्या कीर्तीवर ठरत नाही. ते संगीत कसे घडते याची नोंद हातातून हातात जाईल अशा रूपात ठेवली आहे की नाही, यावर ठरते. आपण मराठी माणसे वाद्ये जपतो, तसबिरी जपतो, पुण्यतिथ्या करतो, ध्वनिमुद्रिका साठवतो. पाने जपत नाही. या उदासीनतेला आपण मौखिक परंपरेचे मोठे नाव देतो, आणि म्हणूनच या विषयावर नीट वाद घालणे गरजेचे झाले आहे.

त्यासाठी आधी हार्पचे पान म्हणजे काय ते जवळून पाहावे लागेल, कारण पाश्चात्त्य स्वरलेखन म्हणजे सगळे काही तंतोतंत लिहून ठेवलेले असते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. मोठ्या पेडल हार्पला 47 तारा असतात. वादकाला दिशा लागावी म्हणून प्रत्येक सप्तकातली एक तार लाल आणि एक काळी किंवा निळी असते. लाल तारेला आपण सा मानू. तारा शुद्ध सप्तकाच्या सातच सुरांच्या आहेत. कोमल-तीव्र करायचे ते पायांनी. सात सुरांना सात पेडल, आणि प्रत्येक पेडलाच्या तीन खाचा: वर कोमल, मधे शुद्ध, खाली तीव्र. डाव्या पायाकडे रे, सा, नी. उजव्या पायाकडे ग, म, प, ध. एक पेडल दाबले की त्या नावाची सगळ्या सप्तकांतली तार एकदम बदलते. त्यामुळे खर्जात शुद्ध गंधार आणि वर कोमल गंधार एकाच वेळी हवा असेल तर वादकाला शेजारच्या तारेकडे जावे लागते, कारण कोमल गंधार हा रिषभाच्या तारेला अर्धा सूर चढवूनही मिळतो. एकच सूर दोन वेगळ्या तारांवर, दोन वेगळ्या पायांनी मिळू शकतो. कोणता घ्यायचा हे मागच्या-पुढच्या सुरांवर ठरते. वाजवायला दोन्ही हातांची मिळून आठच बोटे, करंगळी वापरत नाहीत. एवढे सगळे सांभाळत पाय पडद्यामागे सारखे चाललेले असतात.

छापील पानावर यातले किती असते? सूर असतात, त्यांचे काळ असतात, जोर आणि नाजूकपणाच्या खुणा असतात. पायांचे पुष्कळदा काहीच नसते. म्हणून नवे पान हाती आले की हार्पवादक पहिल्यांदा वाजवत नाही, पेन्सिल घेतो. रचनेच्या आरंभी तो एक छोटी आकृती काढतो: एक आडवी रेघ, तिच्यावर सात लहान उभ्या रेघोट्या, तिसरी आणि चौथी यांच्यामध्ये एक उंच उभी रेघ, ती दोन पायांची हद्द. रेघोटी आडव्या रेघेच्या वर असली तर ते पेडल कोमलावर, रेघेवर असली तर शुद्धावर, खाली असली तर तीव्रावर. मग प्रत्येक मात्रेगणिक, पाय कुठे हलवायचा ते सुराचे नाव लिहून ठेवतो. उजव्या पायाचे वर, डाव्याचे खाली. एखादा बदल ऐन वेळी साधत नाही असे दिसले तर तो दोन मात्रा आधीच, त्या तारेला बोट लागणार नाही अशी फट पाहून, उरकून घेतो आणि तीही जागा लिहितो. संगीतकाराने लिहिले एक आणि वादकाने वाजवण्याजोगे केले दुसरे, असे या वाद्यात नेहमीच होत आले. वाग्नरच्या संगीतनाटकांतले हार्पचे काही भाग जसेच्या तसे बोटांत बसत नाहीत. वादकांनी ते आपल्या अनुभवाने मांडून घेतले आणि तसे संस्कारित भाग छापूनही निघाले. आँरिएत रेनिए या फ्रेंच वादक बाईंनी तर दुसऱ्या वाद्यांसाठी लिहिलेल्या जुन्या रचना हार्पवर आणून त्यांचे खंडच्या खंड प्रसिद्ध केले आणि 1946 साली शिक्षणपद्धतीचा मोठा ग्रंथ लिहिला. आजचा विद्यार्थी जे पान उघडतो त्यात संगीतकाराची शाई आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वादकांची पेन्सिल एकत्र आलेली असते. माझ्या मते त्या परंपरेचे खरे बळ या पेन्सिलीत आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो. हार्पला सूर ठरलेले आहेत, तार छेडली की काम झाले. आपल्या संगीतात मींड आहे, गमक आहे, श्रुती आहेत, दर बैठकीत राग नव्याने उलगडतो. हे लिहिणार कसे? आक्षेप खोटा नाही. किंबहुना कमानी वीणा आपल्याकडून गेली त्याचे एक कारण अभ्यासक हेच सांगतात, की एका तारेवर एकच सूर देणारे वाद्य गमकांची भूक भागवू शकले नाही. पण या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की जे पूर्ण लिहिता येत नाही ते लिहूच नये. हार्पचे पानही पूर्ण नसते, हे आत्ताच पाहिले. भातखंड्यांनी आपली स्वरलेखनाची पद्धत आखली तेव्हा त्यांना ही मर्यादा पुरती ठाऊक होती. मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मींडेला वरून कमान, कणस्वर बारीक अक्षरात खांद्यावर, अक्षर लांबवायला अवग्रह, समेला फुली. एवढ्या थोड्या खुणांत वाळकेश्वरात जन्मलेल्या या वकिलाने शेकडो बंदिशी क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत उतरवल्या. पलुसकरांनी लाहोरला 1901 साली गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वतःची वेगळी लिपी करून पुस्तके छापली. या लिप्यांनी गायक घडत नाही, हे दोघेही जाणत होते. बंदिशीचा सांगाडा, समेची जागा, शब्दांची फेक, अंतऱ्याचे वळण एवढे त्यांना वाचवायचे होते, आणि तेवढे वाचले.

यावर घराणेदार मंडळींचे म्हणणे असे, की पुस्तकातल्या बंदिशी चुकीच्या आहेत, आमच्याकडे हीच चीज वेगळी आहे. तसे असेलही. भातखंड्यांना काही उस्तादांनी मोकळ्या मनाने दिले, काहींनी दारे लावून घेतली. मिळाले त्यात डावे-उजवे असणारच. पण चुकीचे आहे हे म्हणता येते ते पान समोर असल्यामुळे. ज्या बंदिशी कुठेच उतरल्या नाहीत त्यांच्याविषयी कुणी चूक काढत नाही, कारण काढायला काही उरलेले नाही. छापल्यामुळे एकच पाठ सर्वत्र रूढ होतो आणि विविधता मरते, हा याच आक्षेपाचा अधिक गंभीर भाग आहे, आणि तो मला मान्य आहे. उपाय मात्र न लिहिणे हा नाही. प्रत्येक घराण्याने आपला पाठ लिहावा, आपल्या खुणांसह लिहावा. हार्पच्या जगात एकाच रचनेच्या वेगवेगळ्या वादकांनी संस्कार केलेल्या प्रती शेजारी शेजारी विकत मिळतात, विद्यार्थी त्या ताडून पाहतो आणि आपली निवड करतो. पाठभेद जपायचे असतील तर ते एकाहून अधिक पानांवरच जपता येतात.

पण नुसते पान पुरते का? नाही, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा तमिळनाडूत पुदुकोट्टैजवळच्या कुडुमियानमलैच्या खडकावर आहे. सातव्या शतकाच्या सुमाराचा हा शिलालेख म्हणजे दगडात कोरलेले स्वरलेखन आहे. ग्रंथ लिपीत सुरांची अक्षरे चार-चारच्या गटांनी खोदली आहेत आणि त्यांचा संबंध परिवादिनी नावाच्या वीणेशी लावला जातो. इथे प्रत्येक सुराच्या अक्षराला वर्णमालेतले चार वेगवेगळे स्वर लावले आहेत, स, सि, सु, से या धर्तीवर. त्या चौघांचा नेमका अर्थ काय, श्रुती, बोटाची जागा की आणखी काही, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. पान दगडाचे आहे, शाबूत आहे, तरी मुके आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात रागांचे आलाप सरगमीच्या अक्षरांत लिहून ठेवले. आपल्या मराठी मुलखात बसून लिहिलेला हा ग्रंथ. त्यातल्या सुरावटी वाचता येतात, पण त्यांची चाल, त्यांचा श्वास सांगणारी परंपरा तुटली असल्याने त्या गाताना पावलोपावली अंदाज करावा लागतो. म्हणून माझे म्हणणे शिक्षकाविरुद्ध लिपी असे नाही. शिकवणारा माणूस आणि लिहिलेले पान ही दोन्ही हवीत, आणि पानावर शिकवणाऱ्याच्या खुणा हव्यात. कुडुमियानमलैला पेन्सिल नव्हती, ही तिथली उणीव आहे.

याच्या उलट बाजूने येणारा आक्षेप सगळ्यांत तगडा आहे. वेद हजारो वर्षे लिहिल्यावाचून टिकले, मग संगीताला कागद कशाला? वेदपाठ टिकला हे खरे, पण कसा टिकला ते पाहावे. संहितापाठ, पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा पठणाच्या पद्धतींनी प्रत्येक शब्द उलटसुलट बांधून घेतला गेला. एक अक्षर चुकले तर दुसऱ्या पाठात ते उघडे पडावे अशी योजना केली गेली. ही तोंडाने केलेली नोंदच आहे, आणि तिच्यामागे आयुष्य वाहिलेला मोठा वर्ग होता. कमानी वीणेच्या संगीतामागे असा बंदोबस्त असल्याचा मागमूस नाही. दुसरे उदाहरण ब्रह्मदेशाचे. तिथे सौंग गौक ही कमानी हार्प आजही वाजते, भाज्याच्या वाद्याची ती जिवंत नातेवाईक, आणि ती मुख्यतः गुरूच्या तोंडून शिकली जाते. मौखिक परंपरा हार्पला जगवू शकते याचा हा पुरावा आहेच. पण तिथे राजदरबार होता, महागीत नावाने जमवलेला गीतांचा ठरलेला संग्रह होता, आणि विद्यार्थ्याने कोणती गीते आधी शिकायची याचा क्रम लावलेला होता. तो दरबार 1885 साली इंग्रजांनी मोडला; त्याचा शेवटचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत राहून 1916 साली वारला. दरबार गेल्यावर परंपरा किती नाजूक दोरीवर लोंबकळते, हे ज्यांच्या गावात थिबाचा राजवाडा उभा आहे त्या लोकांना तरी समजावून सांगायला नको. मौखिक परंपरा फुकट चालत नाही. तिला आश्रयदाता लागतो, वेळ लागतो, रोज समोर बसणारा शिष्य लागतो. हे तिन्ही आपल्याकडे आज किती घरांत आहे, याचे उत्तर देऊन मग कागदाला नाही म्हणावे.

आता ध्वनिमुद्रण आले, मोबाईलमध्ये सगळे आहे, मग पान कशासाठी, असे तरुण वाचक विचारील. ध्वनिमुद्रण अमूल्य आहे. भाज्याच्या वीणेचे एक मिनिट ऐकायला मिळाले असते तर या लेखाची गरज पडली नसती. पण ध्वनिमुद्रण काय झाले ते सांगते. कसे केले आणि कशातून निवडले ते सांगत नाही. हार्पच्या ध्वनिमुद्रणात कोमल गंधार ऐकू येतो. तो कोणत्या तारेचा, कोणत्या पायाने, किती आधी तयार ठेवलेला, हे कानाला कळत नाही, आणि शिकणाऱ्याला नेमके तेच हवे असते. आपल्याकडेही मुद्रिकेतले तीन मिनिटांचे नाट्यपद ऐकून बंदिश उतरवता येते, पण गायकाने समेवर येण्याच्या किती वाटा बसवल्या होत्या, पेटीवाल्याने कुठे सूर सोडून द्यायचा हे आपसांत काय ठरले होते, ते त्यात नसते. ते असते वह्यांत, आणि त्या वह्या कपाटांच्या वर, माळ्यावर, पेटीच्या खोक्यात पडलेल्या असतात.

मराठी रंगभूमीचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल 1880 साली रंगमंचावर आले आणि संगीत नाटक हा आपला सर्वांत लाडका कलाप्रकार झाला. त्या नाटकांची पुस्तके घराघरांत गेली. त्यांत प्रत्येक पदाचे शब्द काळजीपूर्वक छापले, वर बारीक अक्षरात राग-ताल छापला, किंवा नुसते चाल एवढे लिहून पुढे दुसऱ्या एखाद्या पदाचे नाव दिले. त्या काळच्या वाचकाला ते पुरत होते. साकी, दिंडी, लावणी, कानडी पद, ज्या मूळ गाण्याचा हवाला दिला ते लोकांच्या ओठांवर होते. आज ते मूळ गाणे विस्मरणात गेले असेल तर त्याच्या हवाल्यावर टांगलेले पदही गेले. शब्द शाबूत, छंद शाबूत, चाल गायब. ज्या पदांना मोठ्या गायकांनी उचलून धरले किंवा ज्यांच्या मुद्रिका निघाल्या तेवढी वाचली; गोविंदराव टेंब्यांच्या मानापमानातल्या किंवा भास्करबुवा बखल्यांच्या स्वयंवरातल्या चाली आपण गातो त्या याच भाग्याने. एकाच नाटकातली निम्मी पदे सर्वांना पाठ आणि निम्मी कुणालाच माहीत नाहीत, ही स्थिती त्यांच्या गुणावगुणांवरून आलेली नाही. त्या काळात मराठी छापखाने होते, स्वरलिपी होती, ती वापरणारे शिक्षक होते. पुस्तकाला पंचवीस-तीस पाने वाढली असती एवढेच. हे नुकसान टाळता येण्याजोगे होते, आणि म्हणून ते अधिक सलते.

गोव्याच्या वादकांची हकीकत आणखी वेगळी. तिथल्या चर्चच्या शाळांत मुले व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन लहानपणीच शिकत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही मंडळी आली ती या लेखनाच्या जोरावर. संगीतकार चाल गुणगुणे. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक ती पाच रेघांवर उतरवत, साथीची स्वरवाक्ये रचत आणि प्रत्येक वादकासमोर त्याचे पान ठेवत. गोन्साल्विसांनी तर 1958 साली मोठा वाद्यवृंद उभारून राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांची सांगड घालणाऱ्या स्वतःच्या रचना मुंबईत सादर केल्या. म्हणजे हार्पच्या पानाची शिस्त आपल्याच मुलखातल्या लोकांनी आत्मसात केली होती. तरीही चित्रपटांसाठी रोज लिहिल्या गेलेल्या त्या पानांतली फार थोडी उरली आहेत. ध्वनिमुद्रण झाले की कागदाचे काम संपले, अशी साऱ्या धंद्याचीच समजूत होती. त्या गाण्यांतले व्हायोलिनांचे झुपके आज ऐकणारा कुणी वाजवू म्हणाला तर त्याला ते कानाने उतरवून पुन्हा लिहावे लागतात. लिहिता येणाऱ्यांनी लिहिलेलेही आपण ठेवले नाही, तेव्हा दोष लिपीच्या अभावाचा नव्हे. कागदाला किंमत न देण्याच्या सवयीचा आहे.

कोणी म्हणेल, काळाच्या ओघात गोष्टी जातातच, सगळे जपून करायचे काय? ज्याला टिकायचे ते टिकते. या युक्तिवादात एक आत्मसंतोष आहे. जे टिकले तेच उत्तम होते असे मानायला त्यामुळे सोपे जाते. देबुसीची नृत्ये टिकली त्यात त्याच्या प्रतिभेचा वाटा आहेच, पण त्याच्या तोडीची रचना कागदावर न येता नाहीशी झाली असती तर तिचा गुण आपल्याला कधी कळलाच नसता. काय राखायचे ते पुढच्या पिढीने ठरवावे, पण ठरवायला तिच्यासमोर काही तरी असले पाहिजे. कोंडाण्याच्या बलकाने एक ओळ कोरली म्हणून दोन हजार वर्षांनी त्याचे नाव घेता येते. त्याच्या शेजारी नाचणाऱ्या जोड्यांच्या तालासाठी तेवढीही जागा कुणी ठेवली नाही.

म्हणून कर्जत, खोपोली, पनवेल, पेण, किंवा आणखी कुठे, ज्यांच्या घरी जुन्या गवयाची, पेटीवाल्याची, नाटकमंडळीतल्या ऑर्गनवाल्याची, भजनीबुवांची, बँडमास्तरांची वही आहे, त्यांना माझी विनंती आहे. ती रद्दीत देऊ नका. तिची स्वच्छ प्रत करायच्या भानगडीत आधी पडू नका, कारण स्वच्छ प्रतीत नेमक्या खुणा गळतात: समासातली अक्षरे, खोडलेला सूर, इथे थांब अशी बारीक सूचना, बोटांचे आकडे. आहे तशा पानांची छायाचित्रे घ्या, कुणाची वही, कुठली, कोणाकडे शिकलेली, हे पहिल्या पानाच्या छायाचित्राशेजारी लिहा, आणि एक संच गावातल्या सार्वजनिक वाचनालयात व एक एखाद्या संगीत विद्यालयात द्या. त्या खुणांचा अर्थ सांगणारे कुणी वृद्ध हयात असेल तर त्यांच्यासमोर वही ठेवून प्रत्येक खूण विचारून घ्या आणि उत्तर त्याच पानावर पेन्सिलीने लिहा. हे काम अर्थ सांगणारी माणसे आहेत तोवरच होण्यासारखे आहे, तेव्हा ते याच वर्षी हाती घ्या.